ऑपरेटर

महाड एमआयडीसीत कुणालाही काय करता म्हणून विचारा, उत्तर बहुधा 'ऑपरेटर' असंच येतं. रिॲक्टरवर उभा तो ऑपरेटर, बॉयलरवरचा ऑपरेटर, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीच्या वासात आठ तास काढतो तोही ऑपरेटरच. पण बिरवाडीच्या बाजूच्या चहाच्या टपरीवर 'ऑपरेटर आलेत का?' एवढंच विचारलं, की टपरीवाला किटली न सोडता हनुवटीने कोपऱ्यातला बाक दाखवतो. त्या बाकावर नाना असतात. उजवा डोळा किंचित बारीक, खिशात रुमालाच्या घडीत पेन्सिलीच्या टोकाएवढी कार्बनची कांडी, पायात कंपनीचे निवृत्तीनंतरही टिकलेले सेफ्टी शूज.

"मी ऑपरेटर," नाना नवख्याला सांगतात. "हे बाकीचे व्हॉल्व्ह फिरवणारे."

नाना दोन्ही ठिकाणी ऑपरेटर होते. दिवसा कंपनीत, रात्री टॉकीजमध्ये. फर्स्ट शिफ्ट सात ते तीन. घरी येऊन आंघोळ, भात-कालवण, तासभर डुलकी, की सहाच्या खेळाला बूथमध्ये हजर. नऊचा खेळ सुटला की एक वाजता अंथरुणावर आणि साडेसहाला पुन्हा कंपनीच्या गाडीत. ही दगदग कशी झेपली असं विचारलं की ते म्हणतात, "दगदग कंपनीत. टॉकीजमध्ये काम होतं."

टॉकीजचं नाव इथे लिहीत नाही. मालकांना चार वारस आहेत, चौघांचे वकील वेगळे आहेत, आणि ते नाव कुणाच्या हिश्श्याला जाणार याचा निकाल लागायचा आहे.

नानांचं शरीर दोन हजार फुटांच्या रिळावर बेतलेलं आहे. एवढं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला झडप बदलायची, आणि हे खाली पब्लिकला कळता कामा नये. पंचवीस वर्षं हे केल्यामुळे नाना कुठेही असोत, वीस मिनिटांनी उठतात. लग्नात उठतात, तेराव्याला उठतात, सत्यनारायणाच्या कथेत अध्यायाच्या मध्येच उठतात. कंपनीत रिॲक्टरचं टेम्परेचर तासाला एकदा लिहायचा नियम होता. नाना ते वीस मिनिटांनी लिहायचे. मी लॅबमध्ये होतो, त्यांच्या बॅचचे नमुने माझ्याकडे यायचे आणि त्यांची एकही बॅच फेल गेलेली मला आठवत नाही. मॅनेजरसाहेबांनी एकदा सेफ्टी वीकमध्ये त्यांचा सत्कार केला. भाषण पंचवीस मिनिटांचं होतं. विसाव्या मिनिटाला सत्कारमूर्ती उठून गेले.

अशा माणसाला सिनेमे तोंडपाठ असतील असं वाटतं. नानांना एकही गोष्ट धड सांगता येत नाही. 'माहेरची साडी' 1991 साली आला. आमच्याकडच्या बायका ट्रक भरभरून येत, येताना डबे आणत आणि जाताना डोळे सुजवून जात. परवा मी विचारलं, "नाना, शेवटी नक्की काय होतं हो त्यात?"

"शेवटच्या रिळाला?" नानांनी डोळा बारीक केला. "उजवीकडे हिरवी रेघ. प्रिंट आमच्याकडे आली तेव्हाच घासलेली होती."

"अहो, पण गोष्ट?"

"बायका रडायच्या हे कळायचं. मशीनच्या आवाजातूनही हुंदका ऐकू यायचा. पण मी तेव्हा कार्बन बघणार की बाईचं दुःख बघणार?"

हे कार्बनचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय नाना समजत नाहीत. जुन्या मशीनमध्ये दिवा नव्हता, दोन कांड्या होत्या. वरून तांब्याचा मुलामा, आत कार्बन. त्यांची टोकं जवळ आणून विजेचा झोत पेटवायचा आणि काळ्या काचेतून त्याच्यावर डोळा ठेवायचा. कांड्या जळत जातात, मधली फट वाढते, पडदा पिवळा पडतो, आणि खालून आवाज येतो, "ए ऑपरेटर, झोपला काय!" म्हणजे प्रेक्षक हिरोला बघत असताना ऑपरेटर त्या दोन टोकांना बघत असतो. हजारो खेळ चालवून नानांनी एकही सिनेमा पाहिलेला नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांना स्वतःला ते अजून कळलेलं नाही.

त्यांना आठवतं ते वेगळंच. सेन्सॉरच्या दाखल्यावर रिळांचा आकडा दिसला की पिटातून उठणारी शिट्टी: सोळा म्हणजे ठीक, अठरा म्हणजे पैसे वसूल. पावसाळ्यात पुराने रस्ता अडून एसटीच्या टपावरची पेटी वाटेतच राहिली की समाचार चित्र तीन-तीनदा लावायला लागायचं, आणि त्यामुळे आमच्या तालुक्याला धरणांची बांधकामं तोंडपाठ होती. पोलादपूरकडची माणसं नऊच्या खेळानंतर एसटी स्टँडवर पेपर अंथरून झोपायची आणि पहाटेच्या गाडीने कापड्याला, उमरठला जायची. 'जय संतोषी माँ' 1975 सालचा. नाना तेव्हा रिवाइंडिंगवर पोऱ्या होते. लोक चपला बाहेर काढून आत आले, आरतीला उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर चिल्लर फेकली. पडद्याला जागोजाग खळगे पडले. नाना सांगतात, "तिथून पुढे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक हिरोच्या तोंडावर देवीचे व्रण होते."

पण नानांचा खरा अभिमान आहे तो सेकंड शिफ्टवर.

एमआयडीसीची शिफ्ट आणि सिनेमाचा खेळ यांचं कधी जमलं नाही. सेकंड शिफ्ट तीन ते अकरा, नाईट अकरा ते सात. नाईटवाला नऊच्या खेळाला बसायचा आणि सव्वादहाला, इंटरवलचा वडा हातात घेऊन, कंपनीची गाडी पकडायचा. सेकंडवाला अकराला सुटायचा, सव्वाअकराला गाडी टॉकीजपाशी थांबायची आणि डोअरकीपर आठ-दहा आण्यांत त्याला पिटात सोडायचा. त्याच्या वाट्याला शेवटची दोन रिळं. खोलीवर राहणारी पोरं यावर आपली सोय करून घ्यायची. दोघांतला एक नाईटला, एक सेकंडला. सकाळी खानावळीत एकाने अर्धा सिनेमा सांगायचा, दुसऱ्याने शेवट. सव्वादहा ते सव्वाअकराचा सिनेमा मात्र कुणीच पाहिलेला नसायचा. तो दोघांनी चहात पाव बुडवत आपसांत ठरवायचा. ठरताना भांडणं व्हायची. आमच्याकडे अशी एक अख्खी पिढी आहे, जिने अमिताभला गोळी लागताना पाहिलं, पण का लागली हे तिला आजवर कळलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी पूर्ण बघायला काय हरकत होती, असं शहरातला माणूस विचारील. सुट्टीच्या दिवशी ही माणसं गावी भातलावणीला जायची.

"त्यांच्यासाठी मी शेवटची दोन रिळं जपून चालवायचो," नाना म्हणतात. "पहिल्यात एखादा जोड सुटला तर सुटू दे. शेवटच्यात नाही. आठ तास उभा राहून आलेला माणूस असतो तो."

मग मशीनं गेली. सिनेमा पेटीतून यायचा बंद झाला आणि आकाशातून यायला लागला. छपरावर डिश, बूथमध्ये कपाटाएवढा डबा, आणि सिनेमा उघडायला मुंबईहून आकड्यांची चावी. नानांना दोन महिने ठेवलं. बटण दाबायचं काम होतं. त्यांनी वीस मिनिटांनी उठून डब्याकडे बघायची सवय सोडली नाही आणि डब्याला त्याची गरज नव्हती. पुढे टॉकीजच बंद पडलं.

हल्ली जुन्या टॉकीजबद्दल हळहळणारे फार झाले आहेत. लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी म्हणतोच, "काय दिवस होते! जपायला पाहिजे होतं." अशा वेळी नाना जिलबी खाली ठेवतात आणि विचारतात, "शेवटच्या खेळाला आला होतास?" कुणीच आलेलं नसतं. त्या खेळाला अकरा माणसं होती आणि त्यांतली तीन पाऊस थांबायची वाट बघत होती. मीही नव्हतो. माझं तेव्हा घरी मोठ्या टीव्हीचं पार्सल आलं होतं. हे मी नानांना सांगितलेलं नाही आणि त्यांनी वाचू नये म्हणून हा अंक त्यांच्या घरी जाणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

नाना मात्र हळहळत नाहीत, ते टॉकीज पुन्हा सुरू करणार आहेत. टपरीवरच्या बाकावर त्यांची एक फाईल असते. तिच्यात पहिलं कात्रण मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं. 1993 साली बंद पडलं, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दुरुस्त केलं आणि 2016 साली पुन्हा उघडलं. युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. "तेवीस वर्षं बंद होतं," नाना बोटांवर मोजतात. "आपलं तर आत्ता बंद पडलंय."

"नाना, त्यांच्यामागे गोंडलचे महाराज होते."

"आपल्यामागे ड्रमवाला आहे."

आमचं टॉकीज आता एका भंगारवाल्याकडे भाड्याने आहे. कंपन्यांतले रिकामे निळे ड्रम तो तिथे ठेवतो. नानांच्या ओळखीने मी एकदा आत गेलो. खुर्च्या कधीच विकल्या गेल्यात. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरलेल्या, भिंतीवर 2005 च्या पुराची एक रेघ आणि तिच्या वर 2021 ची, आणि त्यांच्यामध्ये निळे ड्रम रांगेने उभे. बाल्कनीतही ड्रम. टॉकीजची जमीन पडद्याकडे उतरती असते, त्यामुळे एखादा आडवा झाला की गडगडत थेट पडद्याखालच्या भिंतीला जाऊन आदळतो. भंगारवाला त्याला फार वैतागलेला आहे. नाना ड्रमांकडे बघत म्हणाले, "हाऊसफुल्ल आहे." तेवढ्यात एक गडगडला. "आणि हे पिटातलं पब्लिक. पहिल्यापासून पुढेच धावणार."

अभ्यासासाठी म्हणून मी नानांना पुण्याला नेलं. मंडईत गाडी लावली आणि सांगितलं, "नाना, हे आर्यनचं पार्किंग. इथेच आर्यन टॉकीज होतं. 1915 सालचं, पुण्यातलं पहिलं. 1983 साली पाडलं." नाना गाडीतून उतरून चप्पल काढून उभे राहिले. पावती फाडणाऱ्या पोराने विचारलं, "काका, इथे देऊळ आहे का?" नाना म्हणाले, "होतं."

तिथून अप्पा बळवंत चौकात. प्रभात 1934 सालचं, जागा किब्यांची. ऐंशी वर्षांनी भाडेपट्टा संपला, टॉकीज बंद झालं, आणि किब्यांनी ते नीटनेटकं करून 'किबे लक्ष्मी' नावाने पुन्हा चालू केलं. म्हणजे नानांच्या फाईलला लागतं तसं उदाहरण. आत बसलो. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि नाना खुर्चीत उलटे वळून मागच्या भिंतीतल्या भोकाकडे बघायला लागले. मागच्या रांगेत एक जोडपं होतं. पाच मिनिटांनी त्यातला तरुण म्हणाला, "काका, काही प्रॉब्लेम आहे का?" नाना म्हणाले, "तुम्ही चालू द्या. मी वर बघतोय." ते जोडपं इंटरवलला जागा बदलून गेलं. शेवटपर्यंत नाना पडद्याकडे वळले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "फोकस चांगला आहे. पण वर माणूस नाही."

परत आल्यावर त्यांनी पैशाचा विषय हाती घेतला. कंपनी कायदा 2013 चा आहे आणि मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि संस्कृती हे शब्द आहेत, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि बॅचशीटच्या पाठकोऱ्या कागदावर लाल शाईने उतरवून घेतलं. मग सेफ्टी शूज पॉलिश करून एका कंपनीच्या एचआरमध्ये गेले. सोबत मी.

एचआरचा मुलगा सभ्य होता. आम्ही बाक देतो, शाळेला संगणक देतो, पाण्याचा फिल्टर देतो म्हणाला. टॉकीज हा शब्द त्याच्या फॉर्ममध्ये नव्हता.

"बेनिफिशिअरी कोण?" त्याने विचारलं.

"सेकंड शिफ्ट," नाना म्हणाले.

"आणि त्यांचा नेमका बेनिफिट?"

"त्यांना मधलं रीळ बघायला मिळेल."

मुलाने ते लिहून घेतलं. उत्तर अजून आलेलं नाही.

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या चढल्या, तेव्हा नाना गावात, बाजारपेठेजवळच्या घरी होते. काकू तांदळाचा डबा माळ्यावर द्या म्हणून ओरडत होत्या आणि नानांनी आधी वर चढवला तो टॉकीजमधून आणलेला रिवाइंडर, मग काचेच्या स्लाइडा, मग इंटरवलची घंटा, मग काकू. तांदूळ गेले. "मी चौथ्या नंबरावर," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आणि तीही घंटेनंतर." पण त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड आली. बातमी कळली तसे नाना गप्प झाले. घरातला चिखल उपसून झाल्यावर ते तिकडच्या माणसांसाठी भाकऱ्या पोचवणाऱ्या टेम्पोवर जाऊन बसले. पुढचा महिनाभर फाईल बाकावर दिसली नाही.

ती परत आली तेव्हा योजना आटोपशीर झाली होती. अख्खं टॉकीज नाही, एक खेळ. भंगारवाल्याचा ट्रक शनिवारी भरतो, म्हणून शुक्रवारी रात्री मधले ड्रम बाजूला सारायला तो तयार झाला. गणेश मंडळाचा प्रोजेक्टर आहे. पडदा म्हणून काकूंची पांढरी चादर आहे, चिल्लर न फेकण्याच्या अटीवर. प्रश्न होता सिनेमाचा, कारण कुठलाही चालू सिनेमा असा लावला की हक्कांची भानगड. नानांनी आठवडाभर विचार केला आणि टपरीवर जाहीर केलं: 'राजा हरिश्चंद्र'. फाळक्यांचा, 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला. मुदत कधीच संपलेली आहे, कुणाला विचारायला नको.

मी म्हटलं, "नाना, तो मुका आहे."

"खालूबाजावाले सांगून ठेवलेत. सनई आणि ढोल. पूर्वी असंच असायचं, माणसं खाली बसून वाजवायची."

"आणि पूर्णही नाही. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलंय. मधली गेली."

नाना माझ्याकडे बारीक डोळ्याने बघत राहिले. मग खिशातली कांडी काढून त्यांनी ती बाकावर ठेवली.

"पहिलं आणि शेवटचं?" ते म्हणाले. "म्हणजे नाईट आणि सेकंड. आमचं पब्लिक मधलं ठरवेल की. सवय आहे त्यांना."

तर येत्या शुक्रवारी खेळ आहे. पहिलं रीळ नऊला, नाईटवाल्यांची गाडी सुटायच्या आत. शेवटचं रीळ सव्वाअकराला, सेकंडची गाडी आल्यावर. मधल्या वेळात चहा, आणि वादविवादाला पूर्ण मुभा. तिकीट नाही. खुर्च्या नाहीत, जमीन उतरती आहे, म्हणून चटई आणावी आणि ड्रमाला टेकून बसू नये. ऑपरेटर स्वतः वर असतील. प्रोजेक्टर खाली आहे, तरीही.